पडायला उभी केलेली गाडी

सोलापूर जिल्ह्यात ज्याला सगळे ‘मालक’ म्हणतात, तो नेमका कशाचा मालक हे विचारायची पद्धत नाही. कुणाचा एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना असतो, कुणाची मार्केट यार्डात कांद्याची अडत असते, कुणी रस्त्यांची टेंडरं भरतो, कुणाचा ऊस दोन-तीन कारखान्यांना जातो. आणि पुष्कळदा हे सगळं थोडं थोडं एकाच माणसाचं असतं. वय पंचेचाळिशीच्या पुढं, शर्ट पांढरा, मोबाइल दोन, बोलणं कमी आणि तेही समोरच्याचं बोलून संपल्यावर. अशा माणसाच्या आयुष्यात दर पाच-सहा वर्षांनी एक पर्व येतं, आणि त्या पर्वात सात रस्त्यापासून बाळीवेशीपर्यंत त्याच्याविषयी एकच वाक्य बोललं जातं : ‘मालकांचं गाडीचं चाललंय.’ हे चालणं सहा महिने चालतं, कधी दोन दिवाळ्या ओलांडतं. टेबलाच्या काचेवर दोन माहितीपत्रकं, मोबाइलमध्ये दोन कोटेशनं आणि डोक्यात, निदान बघणाऱ्याला तसं वाटावं इतपत, दोन विचार. कुणी विचारलंच, ‘काय मालक, कुठली घ्यायलाव मग?’ तर उत्तर ठरलेलं : ‘बघायलो की अजून.’

दोन गाड्यांपैकी पहिलीचं नाव सांगायची गरज नाही. ती फॉर्च्युनर असते. दुसरी मात्र काळाप्रमाणे, शेजाऱ्याप्रमाणे आणि हिंजवडीत नोकरी करणाऱ्या भाच्याच्या सल्ल्याप्रमाणे बदलते. सध्या ती पुष्कळदा स्कोडाची कोडियाक असते, कधी एमजीची ग्लॉस्टर, कधी जीपची मेरिडियन, आणि कांद्याला भाव बरा असेल त्या साली एखादी जर्मन. लोक म्हणतात, मालक दोन्हींच्या मध्ये अडकलाय. माझं म्हणणं असं की तो अडकलेला अजिबात नाही. दुसरी गाडी त्याने निवडून आणण्यासाठी यादीत घेतलेलीच नाही. ती पडायला उभी केली आहे. सहकारातल्या निवडणुका ज्या जिल्ह्याने पिढ्यानपिढ्या लढल्या, त्या जिल्ह्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. बिनविरोध येणं कागदावर भारी दिसतं, पण त्याला गुलालाची गंमत नाही. समोर कुणीतरी उभा असावा, तो शिकलेला असावा, त्याच्या सभेलाही माणसं जमावीत, मतंही त्याला बऱ्यापैकी पडावीत आणि शेवटी तो पडावा. म्हणजे मिरवणूक शोभते. फॉर्च्युनर सरळ जाऊन घेतली तर लोक म्हणणार, ‘सगळेच घेतात, यानंही घेतली.’ दीड वर्ष दुसऱ्या गाडीशी तोलून घेतली तर म्हणणार, ‘मालकांनी सगळं बघितलं आणि मग फॉर्च्युनर घेतली.’ गाडी तीच, हप्ता तोच, फरक फक्त हरलेल्या उमेदवाराचा.

याला पुरावा काय, असं कुणी विचारेल. पुरावा मालकाच्या प्रश्नांतच आहे. फॉर्च्युनरच्या शोरूममध्ये तो विचारतो, ‘डिलिव्हरी कधी मिळंल?’ दुसऱ्या शोरूममध्ये विचारतो, ‘सर्व्हिसचं कसंय?’ एकीकडं तारीख मागतो, दुसरीकडं जामीन. फॉर्च्युनरच्या टायरला हात लावून पाहणारा मालक दुसऱ्या गाडीचं बॉनेट उघडायला लावतो आणि आत बघून मान हलवतो. आत काय बघितलं हे त्यालाही सांगता येणार नाही, कारण हल्ली बॉनेटखाली प्लास्टिकच्या झाकणाशिवाय काही दिसत नाही. पण विरोधी उमेदवाराच्या अर्जाची छाननी कडक व्हावीच लागते. गंमत अशी की कागदावर दोघींची ताकद एकच आहे : फॉर्च्युनरचं २.८ लिटरचं डिझेल इंजिन २०४ हॉर्सपॉवरचं आणि कोडियाकचं दोन लिटरचं पेट्रोल इंजिनही २०४ चं. फॉर्च्युनरच्या ऑटोमॅटिकचा टॉर्क ५०० न्यूटन मीटर, कोडियाकचा ३२०. मालकाला टॉर्क म्हणजे काय हे विचारू नये. ‘ओढायला बरी’ एवढं त्याला कळतं आणि खरं तर तेवढंच कळायला हवं. मग लांबीचा हिशोब. दोन्ही गाड्या पावणेपाच मीटरच्या घरातल्या, त्यामुळं चाटी गल्लीत दोन्हींचं सारखंच अडणार. कोडियाकमध्ये नऊ एअरबॅगा आहेत हे कळल्यावर मालक म्हणतो, ‘एवढ्या कशाला? आपण काय धडकायला चाललोय?’ याच माणसाने आदल्या आठवड्यात फॉर्च्युनरच्या सात एअरबॅगांचं कौतुक शेजाऱ्याला ऐकवलेलं असतं.

आणखी मागं गेलं तर दिसतं की ही पद्धत फॉर्च्युनरच्याही आधीची आहे. १९९४ साली टाटा सुमो आली तेव्हा तिच्यासमोर महिंद्राची आर्माडा उभी होती. घराघरांत तुलना झाली आणि वरातीला, वारीला आणि प्रचाराला सुमो गेली. १९९८ ची सफारी आणि २००२ ची स्कॉर्पिओ यांच्यात खरी लढत झाली, असं मानायला जागा आहे. दोन्हीकडं पक्के मतदार होते आणि काही तालुक्यांत निकाल आजही लागलेला नाही. पण टोयोटाची गोष्ट वेगळी. ही कंपनी क्वालिस घेऊन आली, मग इनोव्हा आणली, आणि ‘बिघडत नाही’ हे दोन शब्द ड्रायव्हर मंडळींच्या तोंडी बसवून ठेवले. २००९ मध्ये फॉर्च्युनर आली ती या पुण्याईवर. तिच्यासमोर फोर्डची एंडेव्हर होती, आणि विरोधी उमेदवार असावा तर तो असा! उंचीला कमी नाही, रुंदीला कमी नाही, २०१६ च्या नव्या गाडीत छत काचेचं, आतलं सामान फॉर्च्युनरपेक्षा सरस आणि जाणकारांचा पाठिंबा. शिकलेली मंडळी एंडेव्हरच्या बाजूने तासभर बोलत आणि मालक शांतपणे ऐकून फॉर्च्युनर घेई. मग ९ सप्टेंबर २०२१ ला फोर्डनं भारतात गाड्या बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. ज्यांच्याकडं एंडेव्हर होती ते धास्तावले हे साहजिकच. पण खरी पंचाईत फॉर्च्युनर घेऊ पाहणाऱ्यांची झाली. आता हरवायचं कुणाला? त्यानंतर आलेल्या प्रत्येक मोठ्या गाडीला मालकाने जे बारकाईने पाहिलं, ते खरेदीदाराच्या नजरेने पाहिलंच नाही. एंडेव्हरची रिकामी झालेली जागा ही भरून काढेल का, एवढंच तो तपासत होता.

यावर पहिला आक्षेप तांत्रिक आहे आणि तो घेणारी माणसं प्रामाणिक असतात. ती म्हणतात, इथं दिखाव्याचा प्रश्न नाही, गरजेचा आहे. फॉर्च्युनर ट्रकसारख्या वेगळ्या चासीवर बांधलेली आहे, ती उंच आहे, काळ्या मातीत, उसाच्या फडात, पाणंदीतून जायचं तर अशीच गाडी पाहिजे. हे ऐकायला बरोबर वाटतं. फक्त मालकाची गाडी प्रत्यक्षात जाते कुठं ते पाहावं. ती जाते पुण्याला, चौपदरी महामार्गाने, सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी आणि पाटस असे चार टोल भरत. ती जाते तुळजापूरला, अक्कलकोटला, पंढरपूरला. तिन्ही रस्ते असे की अल्टोही न कुरकुरता जाते. लग्नसराईत ती मंगल कार्यालयाच्या फाटकापर्यंत जाते. शेताचा शेवटचा दीड-दोन किलोमीटर आला की मालक फॉर्च्युनर डांबरी रस्त्यावर उभी करतो आणि गड्याच्या मोटारसायकलवर मागं बसून जातो, कारण परवाच धुतलेली असते. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं. ज्या गावात माणसांच्या अंघोळीचा हिशोब उजनीच्या पाइपलाइनवर चालतो, तिथं पांढरी गाडी चिखलात घालायला काळीज दगडाचं लागेल. आणि सगळ्यांत मोठा पुरावा असा की चिखलाचं कारण देणारा हा गृहस्थ पुष्कळदा फॉर्च्युनर घेतो ती दोन चाकांना ताकद देणारी, चार चाकांची महाग पडते म्हणून. ‘शहरातल्या बायकामाणसांची गाडी’ म्हणून जिला त्याने बाजूला सारलं त्या कोडियाकच्या मात्र चारही चाकांना ताकद जाते. तांत्रिक कारणं खोटी असतात असं मी म्हणत नाही. ती निकालानंतर लिहिलेली असतात, एवढंच.

घरात खरं मतदान होतं तेव्हा निकाल वेगळा लागतो, हेही सांगायला हवं. वहिनींना, म्हणजे मालकीणबाईंना, कोडियाक पसंत असते. तिच्यात साडी सांभाळत बसता येतं, छताची काच सरकते, मागच्या सीटवर पोटातलं पाणी हलत नाही. मालकाच्या आईला फॉर्च्युनरमध्ये चढताच येत नाही. गुडघे दुखतात आणि पायरी उंच. अशा घरांत मग डिकीत प्लास्टिकचं स्टूल ठेवलेलं असतं, देवळापुढं गाडी थांबली की ड्रायव्हर आधी ते खाली मांडतो आणि आई त्यावर पाय देऊन, सिद्धरामाचं नाव घेत उतरतात. अर्ध्या कोटीच्या गाडीतून दोनशे रुपयांच्या स्टुलावर. फॉर्च्युनरच्या शेवटच्या रांगेतल्या सीटा घडी करून दोन्ही बाजूंना टांगाव्या लागतात, त्यामुळं सामान ठेवायला जागा कमी पडते आणि बसलेल्या मुलांना बाहेरचं दिसत नाही. मुलं कोडियाकला मत देतात. भाचा कोडियाकला मत देतो, वर आकडेवारीचा तक्ता पाठवतो. आणि तरीही ही चार-पाच मतं मोजलीच जात नाहीत, कारण गाडी घरच्यांसाठी नसते. घरात एकच माणूस मालकाच्या बाजूने असतो, तो म्हणजे ड्रायव्हर. त्याला गाडीत बसायचं नसतं, गाडीबरोबर उभं राहायचं असतं. कार्यालयाच्या आवारात सगळे ड्रायव्हर एका रांगेत थांबतात, त्या रांगेला जातीपातीपेक्षा कडक प्रतवारी असते आणि कोडियाकचा ड्रायव्हर कुठं उभा राहणार याला अजून नियम झालेला नाही. छताच्या काचेचाही इथं एक राजकीय पैलू आहे. प्रचारफेरीत उमेदवाराने छतातून अर्धं बाहेर निघून हात जोडायचे तर सनरूफ हवं. फॉर्च्युनरला आपल्याकडं ते मिळतच नाही. म्हणून या जिल्ह्यातल्या कार्यकर्त्याने पायरीवर उभं राहून, वरचा दांडा एका हाताने धरून, दुसऱ्याने नमस्कार करण्याची कला कमावली. एका हाताने नमस्कार कसा होतो असं विचारणाऱ्याने एखादी फेरी जवळून पाहावी.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मी अर्धा मान्य करतो. फॉर्च्युनर विकायला काढली तर चांगली किंमत येते. दुसऱ्या मोठ्या गाड्यांची किंमत शोरूमच्या दाराबाहेर पडल्या पडल्या उतरायला लागते. हे खरं आहे आणि व्यापाऱ्याच्या पोराला ते दिसणारच. पण उरलेला अर्धा भाग असा की मालक फॉर्च्युनर सहसा बाजारात विकत नाही. ती मेव्हण्याला जाते, तिथून शेतावर, तिथून एखाद्या नव्या कार्यकर्त्याकडं ‘चालवायला’. म्हणजे जी किंमत कधी घ्यायचीच नाही, तिच्या भरवशावर ही निवड होते. खरं कारण किमतीचंच आहे, फक्त ते पुनर्विक्रीच्या किमतीचं नाही. फॉर्च्युनर कितीला येते हे पार्क चौपाटीवर डिस्को भजी तळणाऱ्यालाही ठाऊक असतं. कोडियाक तेवढ्याच पैशाची आहे हे मात्र सांगावं लागतं, आणि जे सांगावं लागलं त्यातली निम्मी शोभा सांगण्यातच गेली. ‘ही किती पडली, अठरा-वीस?’ हा प्रश्न ज्याने चाळीसच्या वर मोजले त्या माणसाला विचारला गेला की त्याचा चेहरा कसा होतो, हे या शहरातल्या दोन-चार डॉक्टरांच्या तोंडावर पाहायला मिळतं. त्यांनी खरोखर गाडी पाहून गाडी घेतली. त्यांच्या विवेकाबद्दल मला आदर आहे. पण सत्काराला त्यांची गाडी आत सोडायची की बाहेर लावायची, याबद्दल फाटकावरच्या पोराचा अजून गोंधळ होतो.

इथं कुणी छत्रपती संभाजीनगरचा दाखला देईल आणि तो द्यायलाच हवा. ऑक्टोबर २०१० मध्ये, शहराचं नाव औरंगाबाद असताना, तिथल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन दीडशेच्या आसपास मर्सिडीज एकदम घेतल्या होत्या. सुमारे ६५ कोटींचा सौदा, त्याला स्टेट बँकेचं कर्ज, देशभर बातमी. मग मराठी मुलखातला माणूस फॉर्च्युनरच्या पलीकडं पाहत नाही असं कसं म्हणता? पण या उदाहरणाने माझंच म्हणणं पक्कं होतं. मर्सिडीज काय असते हे त्या शहराला त्या आधीही माहीत होतं. तरी ती एकेकट्याने कुणी घेतली असती तर ‘याला कशाला हे थेर’ असं झालं असतं. दीडशे जणांनी मिळून घेतल्यावर ती गावाची गाडी झाली, तिची किंमत सांगायची गरज उरली नाही, उलट वर्तमानपत्रांनीच ती सांगितली. आणि घासाघीस करून दर पाडून घेतल्याचा आनंद वेगळाच. त्या दीडशे जणांनी दुसरा उमेदवार उभा केला नाही, कारण दीडशे एकमेकांना साक्षीदार होते. एकट्या मालकाला मात्र साक्षीला कुणीतरी लागतं, मग ती हरलेली गाडी का असेना. शिवाय एक गोष्ट ध्यानात घ्यावी : कोडियाक जुळवली जाते ती शेंद्र्याला, आपल्याच राज्यात, आणि फॉर्च्युनर येते बंगळुरूजवळच्या बिडदीहून. भूमिपुत्राचा मुद्दा सोलापुरात एरवी चालतो. गाडीच्या बाबतीत तो कुणी काढल्याचं ऐकिवात नाही.

निवडीचा हा काळ इतका लांबतो तो मालक आळशी असतो म्हणून नव्हे. लांबण्यातच त्याचा फायदा आहे. ज्या जिल्ह्यातल्या सांगोल्याच्या आमदारांनी २०२२ साली गुवाहाटीचं वर्णन झाडी, डोंगार आणि हाटील एवढ्यात उरकलं, तिथं माणसाला मत बनवायला दोन वर्षं लागतात हे कुणी खरं मानू नये. पण गाडी ठरली की ती एक होते, आणि एक झाली की हप्ता सुरू होतो. ठरत नाही तोवर दोन्ही गाड्या मालकाच्याच, आणि तेही विनाखर्च. शोरूमची पोरं फोन करून ‘सर, वीकेंडला गाडी पाठवू का?’ विचारतात, मालक सहकुटुंब तुळजापूरला जाऊन येतो, टेस्ट ड्राइव्हचीच गाडी भवानीच्या पायऱ्यांपुढं उभी करून नारळही फोडतो. साधे, कामापुरते ओळखीचे लोकही येऊन सल्ला देतात आणि सल्ला देणारा माणूस त्या दिवसापुरता तुमचा होतो. कर्जाला दोन बँका मागं लागतात. सीए दोनदा घरी जेवायला येतो. सीएचं म्हणणं प्रत्येक वेळी तेच असतं : फर्मच्या नावावर घेतली तर १५ टक्के घसारा मिळेल, पण मग मोटार वाहन कर २० टक्के बसेल, स्वतःच्या नावावर डिझेल गाडी घेतली तर १५ टक्क्यांत भागेल, म्हणजे पंचेचाळीस लाखांच्या गाडीला पावणेसात लाख, शिवाय दहा लाखांच्या वरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस कापला जातो आणि तो प्राप्तिकर खात्याला आपणहून दिसतो. हे शेवटचं वाक्य ऐकताना मालक पाण्याचा ग्लास उचलतो. वाद इतका छान चालू असताना २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी आणि उपकर मिळून जो ५० टक्क्यांपर्यंत जात होता, तो ४० टक्के झाला आणि फॉर्च्युनर साडेतीन लाखांपर्यंत उतरली. दुसरी गाडीही उतरली. सगळ्या देशाला आनंद झाला, मालकाला मात्र दोन्ही कोटेशनं नव्याने मागवावी लागली आणि ऑगस्टमध्ये घेतलेले त्याचे मित्र महिनाभर चहाला आले नाहीत. किंमत कमी झाली याचं दुःख होणारा ग्राहक अर्थशास्त्राच्या पुस्तकात असेल. मंगळवार पेठेत तो नक्की आहे.

नंबराचं प्रकरण यातलंच, पण ते फार ताणण्यात अर्थ नाही. ऑगस्ट २०२४ पासून ०००१ या क्रमांकाचं शुल्क मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी ६ लाख आणि सोलापूरसारख्या ठिकाणी ५ लाख झालं. म्हणजे एमएच १३ च्या पाटीवर तीन शून्यं आणि एक एकडा लिहून घ्यायला एका लहान गाडीचे पैसे. मालक इतका खुळा नसतो; तो बेरीज जमणारा किंवा ‘दादा’ असं वाचता येईल असा आकडा घेतो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट इतकीच की नंबर कुठला घ्यायचा याची चौकशी त्याने आरटीओत केलेली असते ती गाडी ‘ठरायच्या’ सहा महिने आधी, आणि चौकशी करताना गाडीचं नाव विचारलं तेव्हा त्याने एकच नाव सांगितलेलं असतं.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. शेतकऱ्याच्या, विणकराच्या पोराने चार पैसे मिळवून गाडी घेतली की लिहिणाऱ्यांच्या पोटात का दुखतं? पुण्यातला अभियंता बाणेर की बालेवाडी यात दोन वर्षं काढतो, त्याच्यावर कुणी हसत नाही. हे खरं आहे आणि त्याचं उत्तर टाळून चालणार नाही. या भागात मान पूर्वी जन्माने मिळत असे; वाडा, पाटीलकी, देवस्थानातला मानाचा विडा. त्यातलं काहीच विकत मिळत नव्हतं. ज्याच्या आजोबाने मागावर टॉवेल काढले किंवा दुसऱ्याच्या बांधावर कामं केली, त्याला आज शोरूममध्ये जाऊन, रांगेत थांबून, व्याज भरून मान घेता येतो, यात मला एक प्रकारचा न्यायच दिसतो. वर तो सरकारला कराच्या रूपाने किती देतो हे आपण पाहिलंच. हसू येतं ते त्याच्या गाडीचं नाही, गाडी पारखून घेतल्याच्या देखाव्याचं. ‘मला ही हवी होती, मी घेतली’ एवढं म्हणायचं धाडस पन्नास लाख जमवलेल्या माणसाला होत नाही, त्याला कारण लागतं आणि कारणाला हरणारी गाडी लागते. एके ठिकाणी मात्र हसणं थांबतं. हीच फॉर्च्युनर लग्नाच्या बोलणीत मुलीच्या बापापुढं ठेवली जाते, तेव्हा तिथं दुसरी गाडी कुणी सुचवत नाही, तुलना होत नाही, ‘बघायलो’ म्हणायची मुभा नसते. तिथं निवड फक्त बापाने करायची असते, शेत विकायचं की घर. त्या फॉर्च्युनरबद्दल विनोदी लिहिता येत नाही.

अलीकडं मालकाच्या टेबलावर एक तिसरं माहितीपत्रक दिसायला लागलंय. ते विजेवरच्या गाडीचं असतं, चाकणला बनलेल्या, आपल्या महिंद्राच्या. भाच्याने ती आग्रहाने उभी केलेली असते. विजेच्या गाडीला मोटार वाहन कर नाही, अटल सेतू, समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर टोलमाफीही जाहीर झालेली. मालकाचं येणं-जाणं बहुतेक पुण्यापर्यंतच, त्यामुळं टोलमाफीचा उपयोग नाही. पण करातले पावणेसात लाख वाचतात हे ऐकून तो क्षणभर खरोखर थबकतो. ही एवढी एकच वेळ असते जेव्हा निवडणूक हातची जाईल असं वाटावं. मग तो गाडी सुरू करून बघतो आणि आवाजच येत नाही. डिझेलची घरघर वेशीपाशी आली की चावडीवरचे उठून उभे राहतात, टपरीवाला बाकडं पुसतो, हे सगळं गाडी दिसायच्या आधी होत असतं. न सांगता येऊन उभी राहणारी गाडी चोराला सोयीची, मालकाला नाही. तिचा अर्ज छाननीतच बाद होतो. पुन्हा शेतावर ट्रॅक्टरसाठी डिझेल आणलेलंच असतं, हेही सांगून होतं.

हरवायला तोलाचा उमेदवार मिळणं असं अवघड, त्यामुळं सप्टेंबर २०२४ मध्ये फोर्डनं चेन्नईजवळचा कारखाना निर्यातीसाठी पुन्हा वापरात आणायचा इरादा जाहीर केला, तेव्हा जे झालं त्याचं आश्चर्य वाटू नये. एंडेव्हर परत येणार असं त्या बातमीत कुठंही नव्हतं. तरी दत्त चौकापासून अकलूजपर्यंत मोबाइलवर ती फिरली, ‘आता मजा येणार’ म्हणत लोकांनी एकमेकांना एंडेव्हरचे जुने फोटो पाठवले, आणि पाठवणाऱ्यांत एकही असा नव्हता की ज्याचा ती घ्यायचा विचार असावा.